चिलमीचा सौदा

तंबाखू सोडवण्याचे जेवढे उपाय माणसांनी काढले आहेत, त्यांतले बहुतेक माझ्या नवऱ्यावर करून झाले आहेत. त्यामुळे या विषयात मला थोडंफार कळतं, असं मी धरून चालते. तोंडाने सांगायची वेळ आली तर पदर दातांत धरून मी आत पळेन. कागद मात्र डोळे रोखून बघत नाही, म्हणून लिहिते.

पहिला उपाय मी लहानपणी शाळेत पाहिला. माझे वडील अमरावतीच्या कापूस बाजारात मापारी होते, आणि आमचं घर नव्या सरकारी शाळेला लागून होतं. तपासणीला साहेब यायचा असला की पंतोजींना मुलं कमी पडायची. मग ते आजूबाजूच्या घरांतून हाताला लागेल ते पोर धरून आणत. तसंच मलाही नेऊन बसवलं आणि साहेब गेल्यावर उठवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या मुलीचा एवढाच फायदा असतो. असं करत करत मी चौथीपर्यंत शिकले. तिथे पंतोजी आमच्याकडून रोज ओरडून म्हणवून घेत, "तंबाखू हे विष आहे!" आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडत असू, आणि पंतोजी भिंतीकडे तोंड करून गुडगुडी ओढत. आमचा आवाज मोठा असला की गुडगुडीचा आवाज रस्त्यावर जात नसे. उपदेशाने व्यसन सुटतं का, याचा निकाल माझ्यापुरता तेव्हाच लागला. उपदेशाने व्यसनाला आडोसा मिळतो.

माझं लग्न भातकुलीच्या एका शेतकरी घरात झालं. काळी जमीन, चार बैलजोड्या आणि एक मोठी जाऊ. तिला कुणीतरी सांगितलं की नवी सून वाचते. झालं. मी भाकऱ्या थापायला बसले की ती दारात उभी राहून म्हणे, "आली आमची मास्तरीन! बाई, त्या भाकरीवर काय लिवलं हाये ते जरा वाचून दाखवता का?" आणि मग अंगणातल्या बाया हसत. मी उत्तर द्यायला तोंड उघडी आणि तसंच मिटून घेई. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला फार चांगली चांगली उत्तरं सुचत. पण तोवर जाऊबाई घोरायला लागलेली असे.

भातकुलीतून माझी सुटका कापसाने केली. कुठे दूर अमेरिकेत गोऱ्या लोकांची आपापसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला जो तो दारात येऊन मागणी घालू लागला. लोकांच्या हातात पैसा आला आणि त्याचं काय करायचं ते कळेना. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने भिंतीवरचं घड्याळ घेतलं. त्याची किल्ली कशी द्यायची हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पाहुणा आला की तो घड्याळाकडे हात करून म्हणे, "वाजले असतीन जेवढे वाजाले पाह्यजे तेवढे." अशा दिवसांत आमच्या ह्यांनी शेती भावावर सोपवली आणि अकोल्याला जाऊन एका मुंबईच्या शेठसाठी कापूस खरेदी करणारे दलाल झाले. मलाही बरोबर नेलं. अकोल्यात दोनच खोल्यांचं घर होतं, पण त्याला एक दार होतं आणि त्या दाराला आतून कडी होती. दुपारी ती कडी लावून मी जे मिळेल ते वाचत बसे. भाकरीवर काय लिहिलंय असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

आता दलाली कशी चाले ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाजारात भाव कधी तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, हातांवर उपरणं टाकत आणि उपरण्याखाली बोटं धरून भाव सांगत. एक बोट म्हणजे एक, चार बोटं म्हणजे चार, पूर्ण पंजा म्हणजे पाच, आणि बोट दुमडलं की नाही. आजूबाजूला शंभर माणसं टक लावून बसलेली असली तरी कुणाला काही कळायचं नाही. आणि एकदा का विकणाऱ्याने उपरणं झटकून "झालं!" म्हटलं, की सौदा पक्का. मग तो मोडायचा नाही. बाप मेला तरी नाही. ज्याने उपरण्याखालचा शब्द मोडला त्याच्यापुढे पुन्हा कुणी हात धरत नसे. बाजारातली माणसं माप मारत, ओल्या कापसावर वाळका पसरत, देवळात खोटी शपथ घेत. पण उपरण्याखाली खोटं बोलत नसत. सगळा धर्म त्यांनी त्या हातभर फडक्याखाली नेऊन ठेवला होता.

मला बोलायला लाज वाटते, म्हणून असेल, पण ही रीत ऐकली तेव्हा मला वाटलं, सगळं जग असं चालतं तर काय बहार आली असती.

हे दलाल म्हणून चांगले, पण चिलीम ओढत. सकाळी उठून एक, बाजारात जाताना एक, सौदा झाला म्हणून एक, सौदा झाला नाही म्हणून दोन. पेटवायची चकमक कमरेला आणि ठिणगी धरायला कापसाचा बोळा कानात खोचलेला. त्या बोळ्यामुळे मी हळू बोललेलं त्यांना अजिबात ऐकू येत नसे, आणि मी मोठ्याने बोलत नसे. तेव्हा आमचा संसार बराच शांततेत चालला होता.

मग बाजारात आग लागली. कुणाच्या चिलमीची ठिणगी ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुपारी एक ढीग पेटला आणि शेजारचे तीन घेऊन गेला. कापूस वरून विझला तरी आत धुमसत राहतो, त्यामुळे चार दिवस अख्ख्या अकोल्याला जळक्या गादीसारखा वास येत होता. बाजारचे पंच बसले आणि त्यांनी नियम केला: ज्याच्या तोंडाला तंबाखूच्या धुराचा वास येईल त्याला फाटकातून आत सोडायचं नाही. आणि जो तीनदा सापडेल त्याची बाजारातली बैठक कायमची गेली.

हे ऐकून मी मनात हिशेब लावला. बैठक गेली म्हणजे दलाली गेली, दलाली गेली म्हणजे भातकुली. मला ती अंगणातली हसणारी तोंडं दिसायला लागली. चिलमीचं मला तोवर काही वाटत नव्हतं. पण आता तिच्यात माझ्या दाराची कडी अडकली होती.

वास घ्यायला पंचांनी फाटकावर एक म्हातारा चौकीदार बसवला. तो निजामाच्या पलटणीत होता म्हणे. मोठमोठे शेठ, डोक्यावर जरीची पगडी, त्याच्यापुढे वासरासारखे तोंड उघडून उभे राहत आणि तो म्हणे, "और खोलो, शेठजी. शरमाओ मत." गंमत अशी की हा चौकीदार दिवसभर तपकीर ओढी, आणि त्या तपकिरीने त्याचं नाक केव्हाच मरून गेलं होतं. त्याच्या नाकाखाली अख्खी तंबाखूची गोणी पेटवली असती तरी त्याला पत्ता लागला नसता. मग तो पकडायचा कसा? तोंडाकडे नाही, चेहऱ्याकडे बघून. जो न डगमगता तोंड उघडी तो आत. जो जरा कचरला तो बाहेर. त्यामुळे बेशरम चिलीमबाज रोज आत जात, आणि कधी तंबाखूला शिवले नाहीत असे दोन भिडस्त गृहस्थ बाहेर राहिले. आमचे हे ओढत तर होतेच, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मनातलं सगळं उमटतं. पहिल्याच आठवड्यात सापडले.

त्या संध्याकाळी घरी आले ते वेलदोडा चघळत. म्हणाले, "उद्यापासून लवंग, वेलदोडा अन् कडुलिंबाची काडी. कोनाच्या बापाले वास येते ते पाहू."

मी चूल फुंकत होते. हा सोडायचा उपाय नव्हता, लपवायचा होता. पण मी पाहिलं आहे, बहुतेक पुरुषांना या दोन्हींत फरक वाटत नाही. वेलदोडा आठ दिवस चालला. तोंडाला लग्नघरासारखा वास यायला लागला आणि चेहरा मात्र चोराचाच राहिला, म्हणून हे गर्दीच्या वेळी इतरांच्या आडून फाटक ओलांडत.

मग देवीचा उपाय झाला. वडिलांनी बोलावलं म्हणून आम्ही अमरावतीला गेलो होतो. वडील म्हणाले, "जावईबापू, अंबादेवीपुढं सोडून या. देवीपुढं सोडलेलं पुन्हा तोंडात जात नाही." हे देवळात गेले, नारळ फोडला, बराच वेळ हात जोडून उभे राहिले. ओठ हलताना दिसत होते. मी मागे बायकांत उभी होते. मला भरून आलं, आणि मी मनातल्या मनात माझी एक साडीसुद्धा बोलून टाकली.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "सोडलं?"

"हाव, सोडलं."

"शाबास! आता तंबाखू बंद."

"तंबाखू?" हे पगडी काढता काढता म्हणाले. "मी कारलं सोडलं."

वडिलांचा हात मिशीवर होता तो तिथेच राहिला. "कारलं काहून सोडलं, बापा?"

"ऐन वेळी जीभ वळली नाही ना, मामंजी. देवीपुढं खोटं कसं बोलू? कारलं सोडलं तर पाळता तरी येते."

कारलं ह्यांना जन्मात आवडलं नव्हतं. देवीच्या हिशेबाने तो नवस आजही तंतोतंत पाळला जातोय. साडी मात्र मला द्यावी लागली. देवीच्या उपायाला मी वाईट म्हणणार नाही. पण तो उपाय माणूस आधीच चांगला असेल तर चालतो, आणि तसा असेल तर देवीपर्यंत जायची गरजच काय, हे मला अजून कळलेलं नाही.

अकोल्याला परत आल्यावर ह्यांना बाजारात कुणीतरी सांगितलं की धूरच नको असेल तर तंबाखू चघळावी. वास धुराचा आणि बंदी धुराला. ही युक्ती ह्यांना फार पटली. दलालाला नियमातली फट दिसली की त्याला जेवण गोड लागतं. चुना लावून तंबाखू दाढेत धरायला लागले. दिवसभर चघळायची आणि घरी आल्यावर "आज ओढली नाही" म्हणून चिलीम पेटवायची. एकाची दोन व्यसनं झाली. वर एक दिवस बाजारात शिंक आली आणि दाढेतला सगळा ऐवज समोरच्या पांढऱ्याशुभ्र कापसावर गेला. विकणारा शेतकरी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "दलालसाहेब, माल पाहाले सांगतला होता, रंगवाले नाही!" ती पाटीभर घाण हाताने वेचून काढताना ह्यांचं इतकं हसं झालं की चघळणं तिथेच सुटलं. लाज हा उपाय चांगला आहे. पण ती दुसऱ्यांनी द्यावी लागते, आणि वेळेवर शिंक यावी लागते.

आमच्या समोर एक हकीमसाहेब राहत. त्यांची बायको आणि मी खिडकीतून एकमेकींकडे बघून हसत असू, तेवढीच आमची मैत्री. तिच्याकरवी मी ह्यांच्यासाठी औषध मागवलं. हकीमसाहेब स्वतः ओट्यावर येऊन बसले, हुक्क्याची नळी तोंडात. एक कश घेतला आणि म्हणाले, "मर्ज पुराना है, लेकिन जाएगा. ये सफूफ तंबाकू में मिला दो. ऐसा कडवा धुआँ आएगा के आदमी चिलम को हात नहीं लगाएगा."

हे दाराशी उभे होते. म्हणाले, "हकीमसाहेब, तुमी काहून नाही घेत हे?"

हकीमसाहेबांनी नळी काढली, हुक्क्याकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, "मियाँ, मैं बीमार थोडी हूँ."

मी ती पूड तंबाखूत मिसळली. ह्यांनी चिलीम भरली, ओढली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले आणि उठून तडक तंबाखूवाल्याकडे गेले. "साल्या, लेंड्या मिसळून राहिला का?" असं म्हणून त्याच्याशी तासभर भांडले आणि दुसऱ्या दुकानातून ताजी तंबाखू घेऊन आले. औषधाने दुकान सुटलं, तंबाखू नाही. आणि ती नवी तंबाखू इतकी झकास निघाली की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन चिलमी ओढून फाटकावर गेले आणि दुसऱ्यांदा सापडले.

आता एकदाच उरलं होतं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. चिलीम, तंबाखूची डबी आणि चकमक माझ्यापुढे आणून ठेवली आणि म्हणाले, "ठेव तुह्यापाशी. मागली तरी देऊ नको." मी ती ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरून टाकली.

एकदम सोडण्याचा हा उपाय लोक सगळ्यांत मर्दानी समजतात. घरात बसून तो पाहिलेल्या बायकोला विचारा. हे रात्री उठून येरझाऱ्या घालत. भाजीत मीठ नाही म्हणत आणि मीठ घातलं की खारट म्हणत. कणगीजवळून जाताना अशा नजरेने बघत की मला ज्वारीची काळजी वाटायची. पण ओढली नाही. फाटकावर चौकीदाराने बोलावलं की ताठ उभे राहत, आणि तोंडात खरंच काही नसल्यामुळे चेहराही साथ देई. मला वाटलं, जिंकलो.

आणि मग हात थरथरायला लागले.

घरी पाण्याचा गडू उचलताना मी पाहिलं होतं. पण बाजारात काय होईल ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ह्यांनी उपरण्याखाली विकणाऱ्याची चार बोटं धरली, आणि पकड अशी थरथरली की पाचवं बोटही आत आलं. विकणाऱ्याने लगेच उपरणं झटकलं. "झालं!"

ह्यांना "चार होते" असं म्हणता येईना. उपरण्याखालचा शब्द तो शब्द. घरी येऊन भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "शेठले काय सांगू? चिलीम सोडली म्हनून एक बोट जास्त गेलं?"

पण त्या दिवसांत भाव असे चढत होते की चार दिवसांत तो पाच बोटांचा माल सात बोटांना गेला. शेठचं मुंबईहून कौतुकाचं पत्र आलं. बाजारात लोक ह्यांना विचारायला लागले की तुम्हाला आधी कसं कळलं. ह्यांनीही गंभीरपणे "अंदाज असते" असं उत्तर दिलं. त्या वर्षी गाढव जरी बाजारात आडवं पडलं असतं तरी लोकांनी त्याच्या कानाच्या दिशेने कापूस घेतला असता. घरी मात्र ह्यांना झोप नव्हती. भाव चढतोय तोवर थरथरणारं बोट शहाणं ठरत होतं. ज्या दिवशी उतरेल त्या दिवशी ते एकच बोट आम्हाला भातकुलीला नेऊन सोडणार होतं. ओढावं तर फाटक बंद, न ओढावं तर बोटं ऐकत नाहीत. 

एके दिवशी दुपारी जेवण झाल्यावर पाहते तर हे भिंतीपाशी बसून आपल्या डाव्या हातावर उपरणं टाकून उजव्या हाताने आपलीच बोटं धरतायत. चार धरायची, सोडायची. तीन धरायची, सोडायची. मला हसू आवरेना.

"हसून काय राहिली? हात दे इकडं."

मी दाराची कडी लावून आले. दिवसाउजेडी नवऱ्याने हात धरायचा म्हणजे काय! पण उपरण्याखाली होता, म्हणून दिला. ह्यांनी माझी बोटं धरली. थरथर माझ्या कोपरापर्यंत आली.

"किती?"

मला तोंडाने सांगायचा संकोच वाटला. मी दुसऱ्या हाताने दाखवली, पाच.

"चार होते ना वं," म्हणाले आणि खाली मान घातली. पुन्हा धरली. पुन्हा पाच वाटली. असं बराच वेळ चाललं. शेवटी कंटाळून म्हणाले, "अशानं हात नाही बसत. खरा माल पाह्यजे. सौदा खरा असला म्हंजे बोट जाग्यावर येते." मग कणगीकडे बघत म्हणाले, "चिलमीचा लावू का?"

मी हात तसाच ठेवला. ह्यांनी माझा पूर्ण पंजा धरला. रोज पाच चिलमी.

तोंडाने मी ह्यांना कधी "नाही" म्हटलं नव्हतं. म्हणता आलंच नसतं. पण उपरण्याखाली माझ्या हाताला कसली लाज? मी ह्यांचं एक बोट धरलं. ह्यांनी चार धरली. मी पुन्हा तेच एक. ह्यांनी उपरण्यावरून माझ्याकडे पाहिलं, जसं एखाद्या मुरलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं. "बापा!" म्हणाले. बरीच ओढाताण झाली. शेवटी तीनवर आलं, त्याही तिन्ही बाजारातून आल्यावर, संध्याकाळी. मी उपरणं झटकलं. "झालं" मात्र फार हळू म्हटलं, पण त्या दिवशी कानात बोळा नव्हता.

त्या संध्याकाळी मी तीन चिलमी दिल्या. चौथ्या वेळी हे कणगीजवळ घुटमळायला लागले. मी उठले. खुंटीवरचं उपरणं काढलं आणि ह्यांच्यापुढे ठेवलं.

ह्यांनी उपरण्याकडे पाहिलं. हात मागे घेतला. "झाला होता नाही का सौदा," असं स्वतःशीच म्हणून ओट्यावर जाऊन बसले.

मला तेव्हा कळलं की आम्ही आजवर ह्यांना चुकीच्या ठिकाणी शपथ घालत होतो. देवी काही बाजारात येत नाही. हकीम येत नाही. पंतोजी तर नाहीच नाही. पण उपरण्याखालचा शब्द मोडला तर उद्या कुणापुढे हात धरायचा?

म्हणून रोज दुपारी कडी लावून बाजार भरायला लागला. तीनावरून दोनवर यायला फार घासाघीस लागली. दोनवर आले तर त्याच संध्याकाळी कुंभाराकडून नवी चिलीम घेऊन आले. तिचं तोंड हे एवढं, पाण्याच्या लोट्याएवढं!

मी ती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

"काय पाह्यतं? दोनच हायेत. सौद्यात माप कुठं ठरलं होतं?"

मी मापाऱ्याची मुलगी. माप ठरवायचं राहिलं याची मला इतकी शरम वाटली की वडिलांना कळलं असतं तर त्यांनी माहेरी पाऊल टाकू दिलं नसतं. त्या दिवशी सौदा सौदा म्हणून दोन्ही लोटे भरून दिले. दुसऱ्या दिवशी उपरणं टाकायच्या आधी मी माझा कुंकवाचा छोटा करंडा आणून मध्ये ठेवला. एक चिलीम म्हणजे करंडाभर तंबाखू, शिगेशिवाय, काठाबरोबर. हे करंड्याकडे पाहून इतके हसले की सौदा दोन वेळा पुढे ढकलावा लागला. "तू बाजारात आली तर आमाले भीक मागा लागन," म्हणाले. जन्मात मला मिळालेलं हे सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्र.

हळूहळू उतरवत आणल्यामुळे असेल, किंवा रोजच्या सरावाने, बोटं स्थिर झाली. चार म्हटलं की चारच. थंडी सरता सरता आम्ही एका करंड्यावर आलो. मग सणावारी एक. आणि होळीच्या सुमारास एक दिवस मी ह्यांचं बोट दुमडलं, आणि ह्यांनी ते दुमडू दिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक दुपार अशी आली की रस्त्यावरून गाड्यांचा आवाजच येईना. खिडकीतून हकिमाची बायको हाताने खूण करत होती, काहीतरी पडलं म्हणून. मग गल्लीतून एक माणूस ओरडत गेला की तारेने बातमी आली, गोऱ्यांची लढाई संपली, कापसाचा भाव बसला. ज्यांनी सकाळी माल घेतला होता ते बाजारातच डोकं धरून बसलेत, आणि मुंबईच्या शेठ लोकांनी दोन-चार दलालांना घरी जायला सांगितलंय.

मी भांडी मोजायला घेतली. भातकुलीला गाडी न्यायची तर काय काय बांधावं लागेल ते मनात लावत होते. भांडी थोडीच होती. मी तीच तीच पुन्हा मोजत होते. जाऊबाई दारात उभी राहून काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

हे आले तेव्हा दिवस कलला होता. पगडी काढली, पाय धुतले आणि भिंतीशी बसले. चेहरा असा होता की चौकीदारानेही काही ओळखलं नसतं. मला विचारायचं होतं, "माल घेतला का? जायचं का?" मग मीच खुंटीवरचं उपरणं काढलं. आजवर कधी मी आपणहून सौदा मांडला नव्हता. ह्यांच्यासमोर बसले, टाकलं, आणि आत हात घातला. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. जायचं की राहायचं याची उपरण्याखाली खूणच नाही.

ह्यांचा हात आला. थंड होता, पण स्थिर. मग त्यांनी माझं एक बोट धरलं.

एक चिलीम.

मला आधी राग आला. घर बुडतंय आणि ह्याला चिलीम सुचते! आणि मग एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भातकुलीला जायचं असतं तर माझ्याकडे मागायची गरजच काय होती? तिथे कसलं फाटक आणि कसला चौकीदार! ज्याला उद्या सकाळी तोंड उघडून बाजारात जायचं आहे, तोच माझ्याशी एका चिलमीची घासाघीस करेल.

"अजी," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "माल नाही घेतला?"

"नाही." आता हसले. "सकाळीच एकाचा हात धरला अन् थरथर लागली ना मले हाताले. म्हटलं, ह्यानं काही चिलीम सोडली नाही, हा काहून थरथरून राहिला? दुसऱ्याचा धरला, तोही तसाच, घामानं ओला. ती थरथर मी चांगली वयखतो. त्याहीले काहीतरी कळलं होतं अन् माल कोनाच्या तरी गळ्यात बांधाचा होता. मी सगळ्याहीचे बोटं दुमडले अन् पान खात बसलो." शेठने ह्यांना ठेवलं होतं. दलाली अर्ध्यावर आली होती, पण बैठक होती आणि घर होतं.

मी दाराकडे पाहिलं. कडी जागेवर होती.

"मंग?" ह्यांनी उपरण्याखाली माझं बोट पुन्हा दाबलं. "आजच्या दिवसाले एक देशीन का नाही?"

मी ते बोट सोडवून घेतलं आणि ह्यांचं दुमडलं. ह्यांनी पुन्हा सरळ केलं. मी पुन्हा दुमडलं. चुलीवर वांग्याची भाजी होती, ती करपल्याचा वास आला तरी आमचा भाव ठरला नव्हता.